घरांतील छळ आणि १८१ क्रमांकाचा टेलिफोन

"घरचें बाहेर कळतां कामा नये" हा दंडक आपल्या पांढरपेशा घरांतून फार कसोशीनें पाळला जातो. त्याचा जाच कोणाला होतो, हें मात्र सहसा कोणी पाहात नाहीं. नवऱ्याचा मार सोसणारी स्त्री शेजारणीजवळ तर नाहींच, पण सख्ख्या बहिणीजवळही तोंड उघडीत नाहीं. २०१९ ते २०२१ या काळांत झालेल्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणींत असें आढळलें कीं, शारीरिक अथवा लैंगिक अत्याचार सोसलेल्या दर शंभर स्त्रियांपैकीं ७७ जणींनीं मदतही मागितली नाहीं आणि कोणाला कांहीं सांगितलेंही नाहीं. मदत मागणाऱ्या अवघ्या १४.

अशा स्त्रियांसाठीं १८१ हा क्रमांक आहे. केंद्र सरकारची ही योजना १ एप्रिल २०१५ रोजीं सुरू झाली. रात्रंदिवस केव्हांही बोलतां येतें, पैसे पडत नाहींत. तरीही पुष्कळजणी कचरतात; त्यांना वाटतें, एकदां शब्द तोंडांतून गेला कीं दारांत पोलीस उभे राहतील. पण टेलिफोन करणें म्हणजे फिर्याद देणें नव्हे. पलीकडे बसलेल्या समुपदेशिकेनें ऐकून घ्यावयाचें, संकट कितपत जवळ आलें आहे याचा अदमास घ्यावयाचा आणि मोकळे असलेले मार्ग सांगावयाचे. वकील हवा, दवाखाना हवा, कीं रात्रीपुरता निवारा हवा, हें बोलणारीनें ठरवावें. २००५ च्या कौटुंबिक हिंसाचारविरोधी कायद्याचें धोरणही असेंच आहे. नोंदलेल्या सेवासंस्थेनें घटनेचा अहवाल लिहावयाचा, तो पीडित स्त्रीची तशी इच्छा असेल तर. आणि दंडाधिकाऱ्याला सुनावणी बंद दारांआडही घेतां येते. जिवावरच बेतलें असेल तेव्हां मात्र सल्ल्यांत वेळ न दवडतां ११२ फिरवावा.

हात उगारला नाहीं म्हणजे छळ झाला नाहीं, ही समजूतही सोडावी. घालून पाडून बोलणें, बायकोचा पगार काढून घेणें, घरखर्च अडवून धरणें, हें सारें या कायद्यान्वयें हिंसेंत मोडतें. "घराबाहेर काढीन" या धमकीपुढें कित्येकजणी गप्प बसतात. परंतु घर तिच्या नांवावर नसलें तरी सामाईक घरांत राहण्याचा हक्क कायदा तिला देतो.

आतां गुप्ततेची दुसरी बाजू. केंद्रावरील माणूस कितीही विश्वासू असो, टेलिफोन ज्याच्या हातीं असतो त्याला ती हकीकत कळूं शकते. म्हणून शक्य तर कचेरींतून किंवा भरंवशाच्या मैत्रिणीच्या यंत्रावरून बोलावें. स्वतःच्याच यंत्रावरून बोलणें झालें, तर तेवढी एकच नोंद पुसावी. सगळी यादी कोरी झालेली दिसली कीं संशय हमखास येतो. महिन्याच्या बिलांतही क्रमांक उमटूं शकतो, हें ध्यानांत असूं द्यावें. बँकेचें पुस्तक, ओळखपत्रें, मुलांचे दाखले आणि वैद्यकीय कागद यांच्या नकला घराबाहेर कोणाजवळ तरी ठेवाव्या.

नातलगांना एवढेंच सांगावयाचें कीं, तिनें विश्वासानें सांगितलेली गोष्ट "समजूत घालतों" म्हणून जांवयाच्या कानांवर घालूं नये. वडीलधाऱ्यांचा हेतु चांगला असतो, मार मात्र तिला बसतो. छळ होत असल्याचें सकारण वाटल्यास कोणाही व्यक्तीला संरक्षण अधिकाऱ्यास कळवितां येतें, आणि सद्हेतूनें कळविणाऱ्यावर कायद्याची जबाबदारी येत नाहीं. तथापि, आधीं तिला विचारावें. घरांत त्या वेळीं काय चाललें आहे, हें तिलाच ठाऊक असतें.

टेलिफोनवर बोलणें अशक्यच असेल, तर 'सखी' केंद्रांत समक्ष जातां येतें. तेथें वैद्यकीय मदत, कायद्याचा सल्ला आणि तात्पुरता आसरा एकाच ठिकाणीं मिळावा, अशी योजना आहे. मुंबईंत टाटा समाजविज्ञान संस्थेनें १९८४ सालीं पोलीस खात्याच्या आवारांत स्त्रिया व मुलें यांच्यासाठीं विशेष कक्ष उघडला. पुढें असे कक्ष महाराष्ट्राच्या इतर जिल्ह्यांतही निघाले. त्यांत स्त्रीची हकीकत ऐकून घेण्यास समाजकार्याचें शिक्षण घेतलेल्या व्यक्ती असतात.