सहलीचा वृत्तान्त आणि घरगुती छायाचित्रे : वऱ्हाडच्या इतिहासाचे एक उपेक्षित साधन

इतिहासाची साधने म्हटली की ताम्रपट, शिलालेख, बखरी, महजर, सरकारी दप्तरे आणि वृत्तपत्रे यांचा निर्देश होतो. अकोल्यातील एखाद्या कुटुंबाने साठ वर्षांपूर्वी नरनाळ्यास काढलेली सहल, त्या सहलीत घरातील एका हौशी गृहस्थाने टिपलेली बारा छायाचित्रे आणि परतल्यावर वहीत लिहून ठेवलेली दीड-दोन पाने यांना मात्र त्या यादीत सहसा स्थान मिळत नाही. ही सामग्री खासगी आहे, तिच्यात कौतुकाचा भाग फार आणि माहितीचा थोडा, असा समज यामागे असतो. हा समज कितपत ग्राह्य आहे आणि अशी सामग्री साधन म्हणून वापरावयाची झाल्यास तिला कोणत्या कसोट्या लावावयास हव्यात, याचा विचार प्रस्तुत लेखात करावयाचा आहे. विवेचनाचे क्षेत्र अकोला व त्याच्या शेजारचा वऱ्हाड एवढेच मर्यादित ठेवले आहे.

१. वृत्तान्त आणि साक्ष

हा प्रश्न वऱ्हाडास नवा नाही. मराठीतील आद्य गद्यचरित्र म्हणून गौरविले गेलेले ‘लीळाचरित्र’ म्हाइंभटाने तेराव्या शतकाच्या उत्तरार्धात सिद्ध केले, ते अमरावती जिल्ह्यातील रिद्धपूरच्या परिसरात. श्रीचक्रधरांच्या सहवासात जे होते त्यांच्याकडे स्वतः जाऊन म्हाइंभटाने आठवणी मिळविल्या. कोणती लीळा कोठे घडली, त्या वेळी जवळ कोण होते, हे तो नोंदवीत गेला. पुढे ‘स्थानपोथी’सारख्या ग्रंथात तर श्रीचक्रधर जेथे जेथे राहिले वा गेले त्या स्थळांची वर्णने दिशांसह नमूद झाली. सांप्रदायिक श्रद्धा बाजूस ठेवली, तरी या ग्रंथांची पद्धती अभ्यासकाने लक्षात घेण्याजोगी आहे. प्रवासाची आठवण ही स्थळ, काळ आणि सांगणारा यांच्यासह लिहिली गेली, तरच ती पुढच्या पिढीस उपयोगी पडते, हे तत्त्व त्या काळी येथे व्यवहारात आले होते.

यापुढचे सुपरिचित उदाहरण विष्णुभट गोडसे यांच्या ‘माझा प्रवास’ या ग्रंथाचे आहे. वरसईहून उत्तरेकडे निघालेला हा भिक्षुक १८५७ च्या धामधुमीत सापडला. त्याने वृत्तान्त लिहिला तो सुमारे पंचवीस वर्षांनी, १८८३ मध्ये. आणि ग्रंथ प्रसिद्ध झाला १९०७ मध्ये. म्हणून त्यातील तिथी व घटनाक्रम अन्य साधनांशी ताडून पाहावा लागतो. परंतु रस्त्यावरची भीती, अन्नाची टंचाई, पाण्यासाठी पडलेले कष्ट यांविषयी जे त्याने सांगितले, ते सरकारी कागदात आढळत नाही. आठवणीने तारखेत चूक केली तरी अनुभवाची साक्ष निरुपयोगी होत नाही, हा यातून घ्यावयाचा बोध होय.

२. दिनांकाचे मोल

छायाचित्राची गोष्ट उलट आहे. कॅमेऱ्याची स्मृती झिजत नाही. पण आपण काय, कोठे आणि केव्हा पाहिले, हे त्याला सांगता येत नाही. ते माणसाने सांगावयाचे असते. अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स राज्यात लॉवेल येथील दफनभूमीत १८६८ च्या ३० मे रोजी, मृत सैनिकांच्या स्मृतिदिनी, एक छायाचित्र घेतले गेले. त्यात मागची झाडे पानांवाचून उघडी दिसतात. २००५ च्या त्याच तारखेस त्याच जागेवरून घेतलेल्या छायाचित्रात झाडे हिरवीगार आहेत. वसंत ऋतूचे आगमन कसे अलीकडे सरकले आहे, याच्या अभ्यासात वनस्पतिशास्त्रज्ञांनी या जोडीचा उपयोग केला. मूळ छायाचित्र टिपणाऱ्याच्या मनात झाडांचा विचारही नसेल. तरी स्मृतिदिनामुळे तारीख निश्चित राहिली आणि म्हणून ते चित्र साक्षीस उभे राहू शकले.

आपल्याकडे असे काम सण व यात्रा करतात. अकोट तालुक्याच्या उत्तरेस मेळघाटच्या अरण्यात धारगड येथे महादेवाचे स्थान आहे आणि श्रावणातील तिसऱ्या सोमवारी तेथे मोठी यात्रा भरते. ‘धारगडची यात्रा, अमुक साल’ एवढेच शब्द छायाचित्रामागे असले, तरी पंचांगावरून नेमका दिवस काढता येतो. २०२३ प्रमाणे अधिक श्रावण आला असेल तेवढी खबरदारी घ्यावी लागते. अकोल्याच्या राजराजेश्वराच्या कावडयात्रेसही हाच न्याय लागू आहे. नाले किती भरून वाहत होते, रान किती दाट होते, यांची दिनांकित साक्ष अशा चित्रांतून वर्षानुवर्षांच्या क्रमाने मिळू शकेल.

३. कॅमेरा काय दाखवितो आणि काय वगळतो

घरगुती छायाचित्रण सामान्यांच्या आटोक्यात आले ते पेटीसारख्या साध्या कॅमेऱ्यामुळे. १९०० साली निघालेल्या कोडॅक कंपनीच्या ‘ब्राउनी’ची किंमत अमेरिकेत एक डॉलर होती. भारतातील मध्यम वर्गाच्या अनेक घरांत पुढे बडोद्यास तयार होणारा ‘आग्फा क्लिक-३’ आला. त्यात १२० क्रमांकाच्या एका रोलवर सहा सेंटिमीटर लांबीरुंदीची बारा चौरस चित्रे निघत. पुष्कळदा निगेटिव्हच्याच आकाराची प्रत कागदावर उतरविली जाई. जुन्या अल्बमातील लहान चौकोनी चित्रे बहुधा या जातीची असतात.

या यंत्राच्या मर्यादा हीच अभ्यासकासाठी एक माहिती आहे. साध्या कॅमेऱ्यास भरपूर ऊन लागे. त्यामुळे मंडळी उन्हाकडे तोंड करून, डोळे बारीक करून उभी असतात. आणि घराच्या आतील, स्वयंपाकघरातील किंवा मुसळधार पावसातील चित्रे जवळजवळ नसतात. बाराच संधी, त्यात फिल्म महाग; म्हणून निसर्गापेक्षा माणसांवर आणि माणसांपैकी पाहुण्यांवर व लहान मुलांवर रोल खर्च होई. जो चित्र घेतो तो चित्रात नसतो, हेही विसरू नये. अल्बमात वडील क्वचितच दिसतात याचा अर्थ ते सहलीस गेले नव्हते असा होत नाही. बहुतेक वेळा कॅमेरा त्यांच्याच हातात असतो. पहाटे उठून दशम्या व झुणका बांधणारी आई नरनाळ्याच्या दरवाजाखाली चित्रात दिसते. परंतु तिचे श्रम चित्रात नाहीत. ते कळावयाचे तर वृत्तान्तच हवा. यासाठी वही आणि अल्बम ही दोन साधने एकत्र वाचावयाची असतात. एकाची उणीव दुसरे भरून काढते.

४. नाहीशी झालेली वाट

या सामग्रीचे खरे महत्त्व जे दृश्य पुन्हा पाहता येणार नाही त्याच्या संदर्भात कळते. अकोल्याहून अकोट, हिवरखेड, वान रोड या स्थानकांवरून खांडव्यास जाणारा मीटरगेज लोहमार्ग सातपुडा ओलांडीत असे. धुळघाट स्थानकाजवळ चढ फार असल्यामुळे मार्ग वळसा घेऊन स्वतःच्याच वरून पुढे जाई. त्याची आकृती देवनागरी ४ या आकड्यासारखी होती. मागे सोडलेला रूळ थोड्या वेळाने खिडकीतून खाली दिसे. जिल्ह्यातील मुलांच्या दृष्टीने सुटीतील प्रवासाचे हे मोठेच आकर्षण होते. रुंदीकरणासाठी २०१७ च्या आरंभी अकोला-अकोट गाडी थांबली. २०२२ मध्ये ब्रॉडगेजची गाडी अकोटपर्यंत सुरू झाली. पण पुढचा मार्ग व्याघ्रप्रकल्पातून जात असल्याने तो अरण्याबाहेरून नेण्याचे ठरले. अरण्याच्या रक्षणासाठी हा निर्णय इष्टच आहे. तथापि धुळघाटचा वळसा गाडीतून पाहण्याचा अनुभव त्यामुळे संपला. नकाशे व अभियंत्यांचे आराखडे वळशाची वक्रता सांगतील. गाडी तेथे किती मंदावे, डब्यात कोण बसत, स्थानकावर विकावयास काय येई, हे प्रवाशांच्या आठवणीतून आणि खिडकीतून घेतलेल्या हललेल्या छायाचित्रांतूनच कळेल.

अशी साधने परस्परांची काळनिश्चितीही करतात. मूर्तिजापूरहून एका बाजूस यवतमाळकडे व दुसऱ्या बाजूस अचलपूरकडे जाणारी अरुंद रुळांची ‘शकुंतला’ दीर्घकाळ वाफेच्या इंजिनावर चालली. १९९४ मध्ये तिला डिझेल इंजिन लागले. तेव्हा शकुंतलेच्या वाफेच्या इंजिनापुढे उभ्या असलेल्या मंडळींचे चित्र त्या सालाच्या अलीकडचे असू शकत नाही. कपड्यांवरून काढलेला अंदाज फसवा असतो. इंजिन, दिव्याचा खांब, बांधून झालेला वा न झालेला पूल यांची साक्ष अधिक भरवशाची.

५. ज्यांची नावे लिहिली गेली नाहीत

या विषयाची एक बाजू अधिक गंभीर आहे. १९७३-७४ मध्ये मेळघाट व्याघ्रप्रकल्प अस्तित्वात आला, आणि कालांतराने अंतर्भागातील गावांचे पुनर्वसन सुरू झाले. एकविसाव्या शतकाच्या आरंभी बोरी, कोहा व कुंड ही गावे उठून पायथ्याकडे आली. पुढे आणखी गावे आली. त्या गावांची घरे, अंगणे, पाणवठे यांची छायाचित्रे तेथील कोरकू कुटुंबांकडे क्वचितच असतील, कारण त्या काळी त्यांच्यापाशी कॅमेरे नव्हते. ती असण्याचा संभव अकोला, अकोट, परतवाडा व अमरावती येथील शहरी घरांतच अधिक आहे. चिखलदऱ्यास वा धारगडास जाताना वाटेत थांबलेल्या सहलकऱ्याने ‘मेळघाटातील आदिवासी’ एवढी ओळ लिहून ते चित्र अल्बमात चिकटविलेले असते. त्याच पानावर स्वतःच्या चुलतभावंडांची नावे मात्र क्रमाने लिहिलेली असतात.

येथे दोन कर्तव्ये उद्भवतात. पहिले असे की, हे चित्र ज्यांचे आहे त्यांच्यापर्यंत त्याची प्रत पोचावी. गाव नाहीसे झालेल्या माणसास आपल्या जुन्या अंगणाचे चित्र पाहावयास मिळणे ही संशोधनाच्या आधीची गोष्ट आहे. दुसरे, चित्रातील व्यक्तींची नावे त्यांच्याच वडीलधाऱ्यांकडून विचारून घ्यावीत आणि प्रसिद्धीपूर्वी त्यांची संमती मिळवावी. नामनिर्देशाविना राहिलेली माणसे इतिहासात केवळ देखावा म्हणून उरतात; अभ्यासकाने तो दोष पुढे चालवू नये.

६. जतनाविषयी काही सूचना

कृष्णधवल चित्र कागदावरील चांदीच्या सूक्ष्म कणांनी बनलेले असते. नीट धुतलेली प्रत कोरड्या व अंधाऱ्या जागी दीर्घकाळ टिकते. रंगीत प्रतीतील रंगद्रव्ये त्या मानाने लवकर, विशेषतः उजेडात, विटतात. म्हणून १९८० नंतरच्या रंगीत चित्रांकडे आधी लक्ष देणे अवश्य आहे, मग ती कितीही अलीकडची वाटोत. चिकट पानांचे अल्बम प्रतीस अपाय करतात. त्यातून चित्र ओढून काढू नये, पानासहित त्याची नक्कल घ्यावी. पाठीमागे लिहावयाचे ते मऊ पेन्सिलीने, हलक्या हाताने. बॉलपेनचा दाब पुढच्या बाजूस उमटतो. निगेटिव्ह टाकून देऊ नयेत. मूळ ओळी चुकीच्या असल्या तरी खोडू नयेत. शेजारी दुरुस्ती, ती करणाराचे नाव व दिनांक लिहावा.

आजच्या भ्रमणध्वनीतील चित्रे सुरक्षित आहेत, असे मानण्याचेही कारण नाही. त्यांत दिनांकाची व सोय चालू असल्यास स्थळाचीही नोंद आपोआप होते. पण तेच चित्र व्हॉट्सॲपवरून छायाचित्र म्हणून पाठविले की ही अंतर्गत नोंद गळून पडते. आप्तांकडून आलेली शेकडो चित्रे अशा रीतीने पूर्वीच्या अल्बमातील निनावी चित्रांच्याच अवस्थेस पोचली आहेत.

प्रत्येक चित्रामागे पाच गोष्टी असाव्यात : स्थळ, दिनांक, चित्रातील व्यक्ती डावीकडून उजवीकडे, चित्र घेणाऱ्याचे नाव, आणि ही माहिती कोणी व केव्हा सांगितली. यांतील पाचवी गोष्ट बहुधा राहून जाते, आणि तीच साक्षीची प्रतिष्ठा ठरविते.

उपसंहार करताना एका गोष्टीकडे वाचकांचे लक्ष वेधणे इष्ट वाटते. कागद अजून काही दशके टिकेल. परंतु १९६० च्या सुमारास जी मुले नरनाळ्याच्या पायऱ्यांवर उभी राहिली, त्यांनी आज पासष्टी-सत्तरी ओलांडली आहे. मागच्या रांगेतील तिसरी स्त्री कोण, हे सांगू शकणारी व्यक्ती कदाचित घरात एकच उरली असेल. तिच्यापाशी अल्बम घेऊन बसावयास एक दुपार पुरते. विद्यार्थ्यांनी येत्या सुटीत आपापल्या घरी हे काम आरंभावे. छायाचित्राची नक्कल पुढेही करता येईल. पण ही साक्ष आज लिहून घेतली नाही, तर पुढे मिळावयाची नाही.