गाडी धुतली, पण पुसायची कशी? रंगाला धक्का न लावता गाडी कोरडी करण्याची योग्य पद्धत

ईदच्या आदल्या दिवशी आपल्या मोहल्ल्यांत एक दृश्य हमखास दिसतं. बादल्या बाहेर येतात, नळीला पाइप लागतो आणि घरातली पोरं गाडी धुवायला भिडतात. धुऊन झाली की हाताला येईल ते कापड घेऊन गाडी पुसली जाते. अब्बांचा जुना बनियन, फाटकी लुंगी, कधी न्हाणीघरातला टॉवेल. गाडी चमकते, सगळे खूश!

आमच्या घरीही हेच चालायचं. गाडी गडद निळी. अब्बा दर जुम्म्याला सकाळी स्वतः धुवायचे आणि टॉवेलने खसाखसा पुसायचे. दीडेक वर्षाने ईदगाहबाहेर उन्हात उभ्या असलेल्या गाडीकडे लक्ष गेलं, तर बोनेटवर कोळ्याचं जाळं पसरावं तशा बारीक गोल रेषा. पेंटिंगवाल्याला दाखवलं तेव्हा तो म्हणाला, “हे धुण्याने नाही, पुसण्याने झालंय.” त्यानंतर आम्ही पद्धत बदलली. तीच इथे सांगतो.

ओरखडे पडतात कसे?

आजच्या बहुतेक गाड्यांवर खाली प्रायमर, त्यावर रंग आणि सर्वात वर पारदर्शक क्लिअर कोट असतो. गाडीची चमक या क्लिअर कोटची असते. त्याची जाडी साधारण ४० ते ५० मायक्रॉन, म्हणजे डोक्याच्या केसाहूनही कमी.

आपल्याकडच्या धुळीत वाळूचे कण असतात आणि ते या थरापेक्षा खूप कडक असतात. धुतल्यावरही थोडे कण गाडीवर राहतात. कापड जोर लावून फिरवलं की ते कण कापडाखाली अडकून पॉलिश पेपरसारखे घासले जातात. पांढऱ्या गाडीवर या रेषा लपतात, काळ्या-निळ्या गाडीवर लगेच उठून दिसतात.

‘मग पॉलिश करून घेऊ,’ असं आपण म्हणतो. पण मशीनने रेषा काढायच्या म्हणजे क्लिअर कोट थोडा घासूनच काढायचा. थर मुळातच पातळ, त्यामुळे हा इलाज पुन्हा पुन्हा करता येत नाही. थर संपला की रंग उडायला लागतो. मग पूर्ण पॅनल रंगवण्याचा खर्च येतो आणि गाडी विकताना भावही पडतो.

न पुसता सोडली तर?

काही जण म्हणतात, पुसूच नका, आपोआप वाळू द्या. तेही बरोबर नाही. पाणी उडून जातं, पण त्यातले कॅल्शियम-मॅग्नेशियमचे क्षार तिथेच राहतात आणि पांढरे ठिपके पडतात. बोअरवेलच्या जड पाण्यात हे जास्त होतं. बादलीच्या काठावर पांढरा थर बसत असेल, तर तसाच थर गाडीवरही बसणार हे समजून घ्या. हे ठिपके बरेच दिवस राहिले आणि वर ऊन लागत राहिलं, तर ते क्लिअर कोटमध्ये उतरतात.

ओली गाडी रस्त्यावर पळवून वाळवणं त्याहून वाईट. ओल्या रंगावर रस्त्याची धूळ चिकटते आणि धुतलेलं वाया जातं.

कापड कोणतं घ्यावं?

गाडी पुसण्यासाठी मिळणारा जाड, मऊ मायक्रोफायबर टॉवेल घ्या. त्याचे बारीक धागे पाणी पटकन ओढून घेतात, त्यामुळे जोर लावावा लागत नाही. दोन-तीन टॉवेल ठेवा: एक मोठा रंगासाठी, एक काचांसाठी आणि एक जुना, खालच्या भागासाठी आणि चाकांसाठी. हे एकमेकांत मिसळू नका.

नवा टॉवेल आधी धुऊन घ्या, त्याचं लेबल कापून टाका. बटणं किंवा चेन असलेले जुने कपडे, वर्तमानपत्र, खरबरीत टॉवेल रंगाला लावू नका. रबरी वायपर काचेवर चालेल, रंगावर नको.

क्रम असा ठेवा

१. सावलीत, इंजिन आणि बोनेट गार असताना गाडी धुवा. फजरनंतरची वेळ सर्वात चांगली, नाहीतर असरनंतर. उन्हात पुसेपर्यंत पाणी वाळून जातं.

२. साबण निघाल्यावर शेवटचं पाणी फवारा काढून, मंद धारेने छतावरून खाली सोडा. पाणी चादरीसारखं एकत्र वाहून जातं आणि थेंब कमी उरतात. पाइप नसेल तर मगने हळूहळू ओता.

३. टॉवेल छतावर पसरा, क्षणभर पाणी शोषू द्या आणि दोन कोपरे धरून अलगद आपल्याकडे ओढा. गोल गोल घासू नका.

४. छत, काचा, बोनेट, डिक्की, मग दरवाजे, असं वरून खाली या. दरवाज्यांचा खालचा भाग आणि चाकं शेवटी, वेगळ्या कापडाने.

५. टॉवेल भिजला की पिळा किंवा बदला. जमिनीवर पडला, तर धुतल्याशिवाय गाडीला लावू नका. एक खडा पुरेसा असतो.

६. आरसे, हँडल, नंबर प्लेट, पेट्रोलचं झाकण आणि दरवाज्यांच्या आतल्या कडा टिपून घ्या. तिथलं पाणी नंतर ओघळतं आणि डाग पडतात.

७. शेवटी गाडी हळू चालवून दोन-चार वेळा ब्रेक दाबा. ओल्या डिस्कवर पटकन गंज चढतो, तो त्याने निघून जातो.

टॉवेल साध्या पातळ डिटर्जंटने, सुती कपड्यांपासून वेगळा धुवा. कपडे मऊ करणारं लिक्विड घालू नका, नाहीतर तो पाणी शोषेनासा होतो. ब्लीच नको, वाळवायचा सावलीत.

रोज गाडी पुसणाऱ्या भाऊंना बोल लावू नका

अनेक सोसायट्यांत एक जण सकाळी वीस गाड्या एकाच बादलीत, एकाच फडक्याने पुसतो. सर्वात जास्त ओरखडे इथेच पडतात. पण दोष त्या भाऊंचा नाही, त्यांना साधनंच दिलेली नसतात. आपल्या गाडीसाठी दोन स्वच्छ टॉवेल त्यांना द्या आणि प्रेमाने सांगा, ‘रोज नका पुसू भाऊ, आठवड्यातून एकदाच नीट धुवा.’ सुकी धूळ कोरड्या फडक्याने झटकण्यापेक्षा गाडी दोन दिवस धुळीत राहिलेली परवडते.

पाण्याचाही हिशोब आहे

प्रेषित मुहम्मद (स.) एक मुद्द, म्हणजे साधारण ओंजळभर पाण्यात वुजू करत असत, असं हदीसमध्ये आलं आहे. आपण मात्र पाइप चालू ठेवून गप्पा मारतो. दोन-तीन बादल्यांत गाडी व्यवस्थित धुऊन होते.

एक चूक टाळा. आरओ फिल्टरचं टाकाऊ पाणी वाचवून गाडीला वापरणारे बरेच आहेत. हेतू नेक आहे, पण त्या पाण्यात क्षार अधिक असतात, त्यामुळे ठिपकेही जास्त पडतात. ते लादी पुसायला वापरा. एसीतून टपकणारं पाणी मात्र हवेतली वाफ गार होऊन तयार होतं, त्यात क्षार जवळजवळ नसतात. ते फडक्यातून गाळून शेवटच्या धारेला वापरता येतं.

आता अब्बाही टॉवेल पसरूनच गाडी पुसतात. जुन्या रेषा पूर्ण गेल्या नाहीत, पण नव्या वाढल्या नाहीत. पुढच्या ईदला पोरांच्या हातात बादली द्याल, तेव्हा सोबत योग्य कापडही द्या. हलालच्या कमाईतून घेतलेली वस्तू जपून वापरणं हेही शुक्र अदा करणंच आहे.