नाकारणे

मुलांनो, सणाच्या दिवशी आजी तुमच्या पानात तिसरी पुरणपोळी वाढू लागते. तुमचे पोट तर भरलेले असते. तेव्हा तुम्ही काय म्हणता? 'नको आजी, आता पुरे.' म्हणजेच तुम्ही पोळी नाकारता. एखादी गोष्ट न स्वीकारणे म्हणजे नाकारणे.

या शब्दाचा आणखी एक अर्थ आहे. वर्गाची काच फुटली. 'मी फोडली नाही,' असे रमेश म्हणाला. रमेशने काच फोडल्याचे नाकारले. येथे नाकारणे म्हणजे 'हे खरे नाही' असे सांगणे.

नाकारणे या शब्दाचे काही सोबती आहेत. त्यांचे अर्थ जवळजवळ सारखे आहेत. पण प्रत्येकाची जागा वेगळी आहे.

नकार देणे : १८९३ साली गांधीजी दक्षिण आफ्रिकेत आगगाडीने चालले होते. त्यांच्याजवळ पहिल्या वर्गाचे तिकीट होते. तरीही, ते गोरे नाहीत म्हणून त्यांना डबा सोडण्यास सांगण्यात आले. गांधीजींनी नकार दिला. त्यांना खाली ढकलण्यात आले. ती रात्र त्यांनी स्टेशनवर थंडीत काढली. पण अन्यायापुढे मान झुकवली नाही. हेच गांधीजी १९०१ साली आपल्या मॉरिशसलाही आले होते.

फेटाळणे : अर्ज किंवा मागणी नाकारणे. मुलांनी सुट्टी मागितली. मुख्याध्यापकांनी ती मागणी फेटाळली.

धुडकावणे : पर्वा न करता नाकारणे. दिनेशने आईचा सल्ला धुडकावला आणि तो पावसात भिजला.

झिडकारणे : रागाने दूर सारणे. वर्गात एक नवा मुलगा आला. मधल्या सुट्टीत त्याने आपला अर्धा लाडू विजयपुढे धरला. विजयने त्याचा हात झटकला. लाडू खाली पडला. नव्या मुलाचे डोळे भरून आले. 'आता भूक नाही रे,' एवढेच विजय म्हणाला असता, तर? लाडू नाकारला गेला असता. पण मित्र दुखावला नसता.

मुलांनो, नाकारणे वाईट नाही. अनोळखी माणसाने खाऊ दिला, तर 'नको' असे ठामपणे म्हणा. पण प्रेमाने पुढे आलेला हात कधी झिडकारू नका.

स्वाध्याय

१. 'नाकारणे' या शब्दाचे दोन अर्थ सांगा.
२. गांधीजींनी कशाला नकार दिला?
३. विजयचे काय चुकले?
४. विरुद्धार्थी शब्द लिहा : नकार, नाकारणे.