पटावर नाव आहे, पण शाळा आपली वाटते का?

सोमवारी सकाळी दवाखाना उघडला की पोट दुखणारी एक-दोन शाळकरी मुले हमखास येतात. काहीतरी बाहेरचे खाल्ले असेल, जंत असतील, असे घरचे धरून चालतात. पुष्कळदा ते खरेही असते. पण आठवीतल्या एका मुलीची पोटदुखी महिनाभर हटेना. सकाळी सातला सुरू, दुपारी शाळा सुटली की बंद. रविवारी आणि सणाच्या सुटीला अजिबात नाही. रक्त, लघवी, सोनोग्राफी सगळे तपासून झाले, सगळे व्यवस्थित. आई काकुळतीला येऊन म्हणाली, "डॉक्टर, ही नाटक तर करत नाही ना?"

मी आईला थोडा वेळ बाहेर बसायला सांगितले आणि मुलीला एवढेच विचारले, "मधल्या सुटीत डबा कुणाबरोबर खातेस?" ती बराच वेळ गप्प राहिली. मग खाली मान घालून म्हणाली, "कुणाबरोबरच नाही."

वडिलांच्या बदलीमुळे ती जूनमध्ये एका कॅथलिक मिशनच्या हायस्कूलमध्ये आली होती. शाळा शिस्तीची, निकालही चांगला. पण सकाळच्या प्रार्थनेला नुसते उभे राहायचे की इतरांसारखी क्रुसाची खूण करायची, हे तिला कुणी सांगितले नव्हते. एकदा तिने डाव्या हाताने खूण केली आणि रांगेत हशा पिकला. मग तिची बोली, तिचा डबा, तिची वेणी, सगळेच थट्टेचे विषय झाले. शाळेच्या पटावर तिचे नाव होते. शाळा मात्र तिची झाली नव्हती.

नाटक नव्हे, खरे दुखणे

आपल्या आतड्यांना मज्जातंतूंचे स्वतःचे दाट जाळे असते. मेंदू आणि आतडी यांच्यात सतत निरोपांची देवाणघेवाण चालू असते. म्हणून तर परीक्षेच्या दिवशी पोटात गोळा येतो. हीच धास्ती रोज सकाळी वाटू लागली तर आतड्यांची हालचाल बिघडते आणि एरवी जाणवणार नाही असा ताणही दुखू लागतो. अशा मुलाचे दुखणे खरे असते, फक्त त्याचे मूळ आतड्यात नसते. डोके दुखणे, मळमळ, झोप न लागणे याही तक्रारी अशाच येतात.

वाळीत पडल्याचे दुःख मेंदूत कसे उमटते, यावर २००३ साली अमेरिकेत एक प्रयोग झाला. माणसांना संगणकावर चेंडू फेकण्याचा खेळ खेळायला दिला आणि थोड्या वेळाने त्यांच्याकडे चेंडू येणे बंद केले. त्या वेळी त्यांच्या मेंदूतील जो भाग जास्त सक्रिय झाला, तो शारीरिक वेदनेच्या त्रासाशीही संबंधित आहे. खोट्या चेंडूने एवढे होते, तर रोज मधल्या सुटीत एकटे बसणाऱ्या मुलाचे काय होत असेल?

एक सावधगिरी मात्र हवी. वजन घटणे, ताप, वारंवार उलट्या, शौचावाटे रक्त, झोपेतून जागे करणारी वेदना किंवा बेंबीपासून दूर एकाच जागी दुखणे, यांपैकी काही असेल तर "मनाचे आहे" म्हणून सोडून देऊ नये. आधी तपासणी करून घ्यावी.

आपलेपणाचा गुण

१९९७ साली अमेरिकेतील सुमारे १२ हजार शाळकरी मुलामुलींची पाहणी प्रसिद्ध झाली. ज्यांना घराची आणि शाळेची जवळीक वाटत होती, त्यांच्यात मानसिक त्रास, आत्महत्येचे विचार, मारामाऱ्या आणि व्यसने कमी आढळली. जागतिक आरोग्य संघटनेच्या मते १० ते १९ वयाच्या दर सात मुलांमागे एकाला काही ना काही मानसिक विकार असतो. म्हणजे साठ मुलांच्या वर्गात आठ-नऊ जण. ही मुले दवाखान्यात क्वचितच येतात; शाळेत मात्र रोज येतात. त्यामुळे शाळेतले वातावरण हा आरोग्याचाच विषय आहे.

मिशन शाळांपुढचा प्रश्न

आपल्या देशात कॅथलिक शाळांत इतर धर्मांची मुले फार मोठ्या संख्येने शिकतात. ही गोष्ट चर्चनेही जाणली आहे. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने १९६५ साली शिक्षणाविषयी जे निवेदन काढले, त्यात कॅथलिक नसलेले विद्यार्थी ज्या शाळांत येतात, त्या शाळांचा आपुलकीने उल्लेख आहे. भारतातील कॅथलिक बिशपांच्या परिषदेने २०२४ साली आपल्या शाळांना सूचना दिल्या. इतर धर्मांच्या विद्यार्थ्यांवर ख्रिस्ती परंपरा लादू नयेत आणि सकाळच्या सभेत संविधानाची उद्देशिका म्हणावी, असे त्यांत सांगितले आहे.

पण सूचना फलकावर लागली म्हणून वर्गातला हशा थांबत नाही. शिवाय एकटेपणा धर्म पाहून येत नाही. त्याच शाळेच्या बोर्डिंगमध्ये राहणारा आदिवासी पाड्यावरचा मुलगा कॅथलिक असूनही परका वाटून घेऊ शकतो. कुणाची फी थकलेली असते, कुणी तोतरे बोलते, कुणाचे वडील दारू पितात. बाहेरून पाहून हे कळत नाही, त्यासाठी मुलांचे ऐकावे लागते. पोप फ्रान्सिस यांनीही २०२२ च्या जागतिक संपर्क दिनाच्या संदेशाचा विषय 'हृदयाच्या कानाने ऐकणे' हाच ठेवला होता.

ऐकायचे कसे?

कार्ल रॉजर्स आणि रिचर्ड फार्सन या मानसशास्त्रज्ञांनी १९५७ मध्ये 'सक्रिय ऐकणे' ही कल्पना मांडली. समोरचा काय म्हणतो आणि त्यामागे त्याला काय वाटते, हे दोन्ही समजून घ्यायचे, आणि आपल्याला बरोबर समजले का हे त्यालाच विचारायचे, असा तिचा गाभा आहे. आपण मात्र मूल तोंड उघडते न उघडते तोच उपदेश सुरू करतो. "तू लक्ष देऊ नकोस," "आमच्या वेळी असे नव्हते," या वाक्यांनी मूल गप्प होते आणि पुन्हा बोलायला येत नाही.

शिक्षकांना सहज करता येण्यासारख्या काही गोष्टी अशा:

१. "काही त्रास आहे का?" या प्रश्नाला उत्तर "नाही" हेच येते. त्याऐवजी डबा कुणाबरोबर खातोस, खेळाच्या तासाला कोणत्या संघात असतोस, असे विचारावे.

२. सर्वांसमोर विचारू नये. वह्या तपासताना किंवा व्हरांड्यात चालता चालता मुले मोकळी होतात.

३. ऐकल्यावर, "म्हणजे हसण्यापेक्षा कुणी थांबवले नाही याचे तुला जास्त वाईट वाटले, असेच ना?" असे आपल्या शब्दांत परत सांगावे.

४. तक्रारपेटी ठरल्या दिवशी उघडावी. गंजलेल्या कुलपाची पेटी असण्यापेक्षा नसलेली बरी.

५. ऐकल्यानंतर काहीतरी बदलावे, लहान का होईना. बदल शक्य नसेल तर का नाही, हे मुलाला सांगावे.

"कुणालाही सांगणार नाही" असे वचन मात्र देऊ नये. कॅथलिक धर्मात पापनिवेदनाच्या वेळी धर्मगुरूला सांगितलेले पूर्णपणे गुप्त राहते. समुपदेशन ही वेगळी गोष्ट आहे आणि मुलांना तो फरक आधीच समजावून द्यावा. मुलाच्या जिवाला धोका असेल तर पालकांना व डॉक्टरांना सांगावेच लागते. लैंगिक अत्याचाराची माहिती कळली तर २०१२ च्या पोक्सो कायद्याप्रमाणे पोलिसांना कळवणे बंधनकारक आहे. शिक्षा करणाऱ्या व्यक्तीकडेच समुपदेशनाचे काम देऊ नये, हेही बरे.

पालकांनीही "आज काय शिकवले?" याच्या जोडीला "आज कुणाबरोबर हसलीस?" असे विचारून पाहावे. आणि उत्तर येईपर्यंत हातातला मोबाईल बाजूला ठेवावा.

त्या मुलीचे पुढे काय झाले?

मुलीला विचारूनच आई वर्गशिक्षिका सिस्टरांना भेटली. सिस्टरांनी आधी मुलीचे सगळे ऐकून घेतले, मधे एकदाही बोलल्या नाहीत. मग, "मी काय केले तर तुला बरे वाटेल?" असे विचारले. मुलगी म्हणाली, "वर्गात माझे नाव घेऊन रागावू नका." सिस्टरांनी ते पाळले. पुढच्या सोमवारी प्रार्थनेआधी त्यांनी संपूर्ण वर्गाला सांगितले की ज्याला खूण करायची त्याने करावी, ज्याला शांत उभे राहायचे त्याने उभे राहावे, दोन्ही ठीक आहे. डबा खायला हजेरी क्रमांकाने गोल करून बसवले आणि दर आठवड्याला गोल बदलले.

पोटदुखी एका दिवसात गेली नाही. दोन-तीन आठवडे ती कमी-जास्त होत राहिली, मग थांबली. औषध मी काहीच दिले नव्हते. दिवाळीनंतर ती आली ती सर्दीसाठी, आणि बरोबर तिची एक मैत्रीण होती.

मूल सतत उदास असेल, शाळेत जायलाच तयार नसेल किंवा जीव देण्याची भाषा करत असेल तर वाट पाहू नये. त्याला एकटे सोडू नये आणि ताबडतोब डॉक्टरांकडे न्यावे. टेली-मानस या सरकारी सेवेचा १४४१६ हा क्रमांक आणि मुलांसाठीचा १०९८ हा क्रमांक दिवसरात्र मोफत उपलब्ध आहेत.