हिरवा तवंग: जे दिसते आणि जे असते

ऑगस्ट 2014 च्या आरंभी अमेरिकेतील टोलेडो शहराच्या अधिकाऱ्यांनी सुमारे 4 लाख लोकांस नळाचे पाणी पिण्याची मनाई केली, इतकेच नव्हे तर ते उकळूनही पिऊ नये असे बजावले. कारण एरी सरोवरातून शिरलेले मायक्रोसिस्टिन नावाचे विष उकळल्याने नष्ट होत नाही, उलट पाणी आटते तसतसे ते दाट होते.

या विषाचा धनी मायक्रोसिस्टिस, ज्यास आपण सर्रास शेवाळ म्हणतो, तो वास्तविक प्रकाशसंश्लेषण करणारा जिवाणू होय. तो भुशाप्रमाणे पृष्ठभागावर तरंगतो आणि वारा नेईल तिकडे जातो, हा समज तर फारच रुजलेला आहे, पण तो खरा नाही. त्याच्या पेशींत प्रथिनाच्या भिंतींच्या सूक्ष्म वायुपुटिका असतात. जर्मन वनस्पतिशास्त्रज्ञ क्लेबान यांनी 1895 साली अशा जिवाणूंचे पाणी बाटलीत काठोकाठ भरून, बूच घट्ट बसवून त्यावर हातोडीचा घाव घातला. त्या दाबाने पुटिका चिरडल्या आणि क्षणापूर्वी तरंगणारे जीव तळाकडे निघाले. इतक्या अल्प खर्चात इतका निर्णायक दाखला विज्ञानात क्वचितच मिळतो! या पुटिका मात्र कोणी फुगवीत नाही. वायू भिंतीतून आपोआप झिरपतो. वजनाचा जमाखर्च चालतो तो मुख्यतः कर्बोदकांवर: दिवसा उन्हात ती साठली की जीव जड होऊन खाली उतरतात, रात्री ती खर्ची पडली की हलके होऊन वर येतात.

म्हणूनच वारा सुटून तवंग दिसेनासा झाला म्हणजे संकट टळले, हे मानणे धोक्याचे आहे. पाणी घुसळले जाऊन तीच वस्ती खोलवर विखुरलेली असते, उपग्रहाच्या दृष्टीस ती पुरती पडत नाही, आणि वारा पडताच ती पुन्हा वर येते. एरीसाठी रचलेल्या गणिती प्रतिमानांत असंख्य कल्पित कण सोडून प्रत्येकास प्रवाहाची गती, खळबळीचे हेलकावे आणि उत्प्लावनाचा, म्हणजे वर तरंगण्याचा, वेग असे तिन्ही द्यावे लागतात, ते याचसाठी. त्यातही या जिवाणूंच्या पुंजक्याचा आकार मोठा हिशेब बिघडवितो: एरवी सारे सारखे असता व्यास दुप्पट झाला की वर येण्याचा वेग चौपट होतो.

या हिशेबाचा उपयोग काय, असे ज्यास वाटते त्याने ॲम्स्टरडॅमचे न्यूवे मेर सरोवर पाहावे. तेथे 1993 पासून तळाशी हवेचे बुडबुडे सोडून पाणी घुसळले गेले, तरंगण्याचा फायदा हिरावला गेला आणि मायक्रोसिस्टिसची सद्दी संपली.