शिल्लक जुळली का?

सर्व्हरवर सॉफ्टवेअर चढवायला किती वेळ लागतो, असे संगणकवाल्याला विचारले तर तो तासांत उत्तर देतो. बँकेतल्या एखाद्या जुन्या, मुरलेल्या लेजर-कीपरला विचारले तर तो उत्तर देतच नाही. चष्मा कपाळावर सरकवून तोच उलट विचारतो, ‘‘शिल्लक जुळली का?’’ गेल्या तीसेक वर्षांत आपण संगणकवाल्याचे तास कमी करण्यावर पुष्कळ पैसा आणि बुद्धी खर्च केली. लेजर-कीपरचा प्रश्न होता तिथेच आहे.

विषय निघाला तो गावोगावच्या सोसायट्यांमुळे. २०२२ च्या जूनमध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने देशातल्या ६३ हजार प्राथमिक कृषी पतसंस्था एकाच सॉफ्टवेअरवर आणण्याच्या प्रकल्पाला मंजुरी दिली. खर्च २,५१६ कोटी रुपये, अंमलबजावणी ‘नाबार्ड’कडे. बारामती-इंदापुरात या संस्थेला कोणी इतक्या लांब नावाने ओळखत नाही. तिथे ती नुसती ‘सोसायटी’. सोमेश्वर, माळेगाव किंवा भवानीनगरच्या कारखान्याला ऊस घालणाऱ्या शेतकऱ्याचे पीककर्ज सोसायटीचे, वसुली उसाच्या बिलातून, आणि या सगळ्याचा हिशेब एका सचिवाच्या वहीत. ती वही आता यंत्रात जायची आहे. चांगलेच आहे. पण अशा प्रकल्पाची प्रगती मोजतात ती किती संस्था ‘सुरू’ झाल्या या आकड्याने, आणि माझ्यासारख्या बँकेत हाडे झिजवलेल्या माणसाच्या मनात पाल चुकचुकते ती तिथेच.

कारण हा खेळ आम्ही एकदा खेळलो आहोत. १ जानेवारी २००१ पूर्वी सत्तर टक्के व्यवसाय संगणकावर आणा, असे केंद्रीय दक्षता आयोगाने बँकांना बजावले होते. त्या काळी प्रत्येक शाखेचा सर्व्हर वेगळा. पुण्याहून इंजिनिअर एस.टी.ने यायचा, खांद्याच्या पिशवीत फ्लॉपींचा डबा. एकामागून एक फ्लॉपी घालायची, आणि दर थोड्या वेळाने यंत्र थांबून काहीतरी विचारायचे. शाखेचा क्रमांक काय, प्रिंटर कोणता, तारीख कोणत्या पद्धतीने लिहायची? उत्तर द्यायला माणूस समोर बसलेला हवा. मधेच वीज जायची, यूपीएसची बॅटरी कुरकुरायची, आणि एखादी फ्लॉपी वाचली जात नाही असे कळायचे तेव्हा पुण्याची शेवटची गाडी निघून गेलेली असायची. बारामतीहून लासुर्णे, निमगाव केतकी करत इंदापूरपर्यंतच्या रस्त्यावरच्या शाखा अशा एकेक करत होत होत्या. वरून रोज फोन : आज किती झाल्या?

मग कोणा हुशार पोराने दोन युक्त्या काढल्या. एक सर्व्हर पुण्यातच पूर्ण तयार करायचा आणि त्याच्या डिस्कची हुबेहूब नक्कल करून शाखांना पाठवायची. दुसरी युक्ती त्याहून साधी. यंत्र जे प्रश्न विचारणार, त्यांची उत्तरे आधीच एका फाईलमध्ये लिहून ठेवायची, म्हणजे कोणी समोर बसायला नको. दोन दिवसांचे काम दुपारच्या जेवणाआधी उरकू लागले. पुढे कोअर बँकिंग आले, सर्व्हर शाखेतून उठून थेट मुख्यालयाच्या डेटा सेंटरमध्ये गेला आणि सॉफ्टवेअर एकदाच, एका जागी बसवायचे असे झाले. वेगाचा प्रश्न तिथे जवळपास संपला.

यंत्राच्या प्रश्नांची उत्तरे आधी लिहून ठेवता आली, कारण ती सगळीकडे सारखी होती. खात्यांच्या प्रश्नांचे तसे नव्हते. इंदापूर तालुक्यातल्या एका शाखेत नाव, वडिलांचे नाव आणि आडनाव तिन्ही सारखे असलेले तीन कर्जदार होते. लेजरमध्ये त्यांच्या नावापुढे पेन्सिलीने लिहिलेले : ‘मळ्यातला’, ‘मिलिटरीवाला’, ‘पोल्ट्री’. पंचवीस वर्षे त्या पेन्सिलीवर शाखा बिनघोर चालली. सॉफ्टवेअरमध्ये मळ्याला रकानाच नव्हता. नोंदी करायला आणलेली मुले दिवसाला किती खाती टाकली त्यावर पैसे घेत. ती तरी कशाला थांबतील? मिलिटरीवाल्याचा भरणा पोल्ट्रीच्या खात्यात जमा झाला आणि मिलिटरीवाल्याला नोटीस गेली. तो माणूस नोटीस घेऊन शाखेत आला तेव्हा एवढेच म्हणाला, ‘‘साहेब, पावती माझ्याकडं हाय.’’ पावती होती म्हणून निभावले.

घाईचे आणखी एक औषध असे. जुन्या लेजरची बेरीज आणि यंत्रातली बेरीज यांत फरक पडला, की तो शोधायला महिना लागतो. मुदत तर उद्याची. मग फरकाची रक्कम सस्पेन्स खात्यात टाकायची आणि शाखा सुरू झाल्याचे कळवायचे. कागदावर शिल्लक जुळते. प्रत्यक्षात कोणाचे तरी पैसे त्या खात्यात पडून राहतात. ते कोणाचे, हे जाणणारा कारकून तोवर बदलून गेलेला असतो किंवा निवृत्त झालेला असतो.

सोसायटीत हे जास्त झोंबेल, कारण पीककर्ज तारखेवर चालते. तीन लाखांपर्यंतचे पीककर्ज मुदतीत फेडणाऱ्याला व्याजात सवलत मिळते. समजा मुदत ३१ मार्चची आहे आणि शेतकऱ्याने ५ मार्चला पैसे भरले. नोंद करणाऱ्याने ०५/०३ असे लिहिले आणि यंत्राने महिना आधी धरला, तर तो भरणा ३ मेचा होतो. वेळेत फेडणारा माणूस थकबाकीदार ठरतो, सवलत जाते, नव्या उचलीला अडथळा येतो. एवढ्या सगळ्याला कोणी लबाडी करावी लागत नाही.

२०१७ ची कर्जमाफी आठवते ना? अर्ज ऑनलाइन, बँकांची माहिती ऑनलाइन, ऐन दिवाळीत प्रमाणपत्रांचे वाटप, आणि मग याद्यांमधला तो घोळ. पण त्याच वर्षी, त्याच सरकारी व्यवस्थेने, एक फार शहाणपणाची गोष्टही केली होती, तिचे कौतुक पुरेसे झाले नाही. सातबारा संगणकावर आणताना गावोगाव चावडी वाचन घेतले. तलाठ्याने उतारे लोकांसमोर वाचून दाखवायचे, ज्याचे चुकले असेल त्याने तिथेच सांगायचे. तलाठ्यांनी सर्व्हर संथ चालतो म्हणून रात्र-रात्र जागून दुरुस्त्या केल्या; तो त्रास खराच होता. पण चूक दाखवायला माणूस समोर होता.

सोसायटीच्या खात्यांचे असे वाचन यंत्र सुरू होण्याआधी का होऊ नये? गावात स्पीकर आहे, मंदिराचा सभामंडप आहे. कोणाची शिल्लक सगळ्या गावापुढे वाचायला नको, तेवढी आब राखलीच पाहिजे. यादीतले नाव, खाते क्रमांक, गट नंबर वाचावा आणि आकड्याची चिठ्ठी ज्याच्या त्याच्या हातात द्यावी. वेळही ठरवता येईल. मार्चची वसुली आणि एप्रिलची नवी उचल या धांदलीत सचिवाला डोके वर काढता येत नाही. मे महिन्यात कारखाने बंद असतात, ऊसतोड संपलेली असते, सभासद गावातच सापडतो. पंधरा दिवस संध्याकाळचे दोन तास बसले, तर बहुतेक गावांची यादी पुरी होईल. सचिवाची जुनी वही मात्र त्या वेळी टेबलावर हवी, पेन्सिलीच्या खुणांसकट.