बहात्तर तासांचा कागद

विमानाचे तिकीट हाती आले म्हणजे माणूस परदेशी निघालाच, अशी आपली समजूत होती. कोरोनाच्या साथीने ती पार मोडून टाकली. २०२० ते २०२३ या काळात पासपोर्ट, व्हिसा आणि तिकीट असे तिन्ही खिशात असताना विमानतळावरून परत आलेली माणसे आम्ही पाहिली. कारण काय, तर चौथा कागद चुकला! कोणाचा चाचणीचा अहवाल मुदतीबाहेर गेलेला, कोणाच्या नावाचे स्पेलिंग पासपोर्टशी न जुळणारे, तर कोणाच्या अहवालावर क्यूआर कोडच छापलेला नाही.

आपल्या वस्त्यांतील कितीतरी मुले आखाती देशांत गवंडीकाम, ड्रायव्हिंग, एसी दुरुस्ती करतात. मुली नर्स म्हणून जातात. काही मुले शिष्यवृत्ती मिळवून इंग्लंडला शिकतात. या घरांच्या दृष्टीने विमानप्रवास ही चैन नव्हे, ती भाकरीची वाट आहे. त्या दिवसांत आम्ही काही कारकून आणि शिक्षक मंडळी संध्याकाळी वाचनालयात बसून अशा मुलांचे फॉर्म भरून देत होतो. त्या अनुभवातून जे कळले ते घरोघरी पोहोचावे, म्हणून हा लेखप्रपंच.

नियम किती वेळा बदलले?

भारताने २२ मार्च २०२० पासून परदेशातून येणारी नियमित प्रवासी विमाने बंद केली. ती पुन्हा पूर्ववत सुरू झाली २७ मार्च २०२२ रोजी. म्हणजे दोन वर्षांहून जास्त काळ गेला. मधल्या काळात ७ मे २०२० पासून ‘वंदे भारत’ मोहिमेची विमाने आणि त्या वर्षीच्या जुलैपासून ठरावीक देशांशी केलेल्या ‘एअर बबल’ करारांची विमाने, एवढाच आधार होता.

मायदेशी येणाऱ्यांचे नियमही एकसारखे राहिले नाहीत. मे २०२० मध्ये सात दिवस स्वखर्चाने संस्थेत किंवा हॉटेलात आणि पुढचे सात दिवस घरी विलगीकरण, असा नियम होता. घरात मृत्यू, गरोदरपण, गंभीर आजार किंवा दहा वर्षांखालील मूल बरोबर असल्यास सवलत मिळे. ऑगस्ट २०२० मध्ये ९६ तासांच्या आतला आरटीपीसीआर अहवाल आणला तर संस्थेतले विलगीकरण टळू लागले. नोव्हेंबरमध्ये ९६ चे ७२ तास झाले. २२ फेब्रुवारी २०२१ पासून तो अहवाल बहुतेक सर्वांना सक्तीचा झाला. घरातल्या मृत्यूसाठी येणाऱ्यांनाच काय ती सूट, तीही ‘एअर सुविधा’ या सरकारी पोर्टलवर परवानगी घेऊन.

त्यातच राज्याचे नियम वेगळे. डिसेंबर २०२० मध्ये इंग्लंडात विषाणूचा नवा प्रकार आढळला, तेव्हा महाराष्ट्र सरकारने युरोप आणि मध्यपूर्वेतून येणाऱ्यांना संस्थात्मक विलगीकरण लावले. दिल्लीचा नियम वाचून निघालेला माणूस मुंबईत उतरला की त्याला दुसराच नियम लागू! अशा वेळी सामान्य माणसाने करायचे तरी काय?

तास कोठून मोजायचे?

आमच्याकडे येणाऱ्यांचा सर्वांत मोठा घोटाळा या प्रश्नावर होत असे. संयुक्त अरब अमिरातीने एप्रिल २०२१ च्या अखेरीस भारतातून येणाऱ्यांना दार बंद केले. ५ ऑगस्टपासून तेथे राहण्याचा परवाना असणाऱ्यांसाठी ते किलकिले झाले. अट अशी, की ४८ तासांच्या आतली आरटीपीसीआर चाचणी हवी. हे ४८ तास नाकातून नमुना घेतल्यापासून मोजायचे, अहवाल हाती पडल्यापासून नव्हे. नमुना सोमवारी सकाळी दिला, अहवाल मंगळवारी रात्री मिळाला आणि विमान बुधवारी दुपारी असले, तर तो कागद बाद. घरच्यांना वाटे, अहवाल तर कालचाच आहे!

एवढ्यावर भागत नव्हते. विमान सुटण्यापूर्वी चार तासांच्या आत, आणि नंतर सहा तासांच्या आत, विमानतळावरच झटपट पीसीआर चाचणी करावी लागे. मुंबई विमानतळावर या चाचणीचा दर सुरुवातीला साडेचार हजार रुपये होता. त्याच वेळी महाराष्ट्र सरकारने बाहेरच्या प्रयोगशाळेतील साध्या आरटीपीसीआरचा दर ५०० रुपयांवर आणलेला होता. म्हणजे एका दारात पाचशे आणि दुसऱ्या दारात नऊपट!

यंत्र वेगळे, तातडी मोठी, हे मान्य. पण हे पैसे भरणार कोण? सुटीवर आलेला, कित्येक महिने बिनपगारी अडकून पडलेला कामगार. आमच्या वस्तीतील एका गवंड्याच्या आईने या चाचणीसाठी कानातले गहाण ठेवले. सहा महिन्यांपेक्षा जास्त काळ बाहेर राहिले तर तेथील परवाना रद्द होतो, हा मूळ नियम त्या कुटुंबाच्या डोक्यावर टांगलेला होता. साथीच्या काळात मुदतवाढी मिळाल्या, पण त्या कधी आणि कोणाला हे त्यांना सांगणारे कोणी नव्हते. भारतातून जाणाऱ्यांसाठीची ती विमानतळावरची चाचणी फेब्रुवारी २०२२ मध्ये रद्द झाली. पैसे मात्र गेले ते गेलेच.

लस एक, कागद अनेक

लस आली तेव्हा वाटले, आता सुटका झाली. पण कोव्हिशील्डच्या दोन डोसांत ८४ दिवसांचे अंतर ठेवलेले, आणि मुलाच्या विद्यापीठाची तारीख त्याआधीची. ७ जून २०२१ रोजी केंद्र सरकारने शिक्षण किंवा नोकरीसाठी परदेशी जाणाऱ्यांना २८ दिवसांनंतर दुसरा डोस घेण्याची मुभा दिली आणि प्रमाणपत्रावर पासपोर्ट क्रमांक जोडण्याची सोय केली. ही एक ओळ ज्यांना कळली त्यांचे वर्ष वाचले.

कोव्हॅक्सिन घेतलेल्यांची अडचण निराळी होती. जागतिक आरोग्य संघटनेने त्या लसीला ३ नोव्हेंबर २०२१ रोजी मान्यता दिली. तोपर्यंत अनेक देश ती मोजायलाच तयार नव्हते. केंद्रावर जी लस मिळाली ती रांगेत उभे राहून घेतली, यात त्या माणसाचा काय दोष?

इंग्लंडने तर कमाल केली. एप्रिल २०२१ मध्ये भारत लाल यादीत गेला. तेव्हा तेथे पोहोचणाऱ्या विद्यार्थ्याला १,७५० पौंड भरून दहा दिवस हॉटेलात राहावे लागे. ऑगस्टमध्ये ती यादी सुटली. पुढे ऑक्टोबरच्या आरंभी, दोन्ही डोस घेतलेल्या भारतीयालाही लस न घेतलेला समजण्यात आले! लस मान्य, पण भारताचे प्रमाणपत्र मान्य नाही, असा तो प्रकार. भारताने ४ ऑक्टोबरपासून ब्रिटिश नागरिकांना तशाच अटी लावल्या, तेव्हा ११ ऑक्टोबरपासून आपले प्रमाणपत्र चालू लागले. दोन सरकारांच्या या ओढाताणीत मुलांना खोलीत कोंडून बसावे लागले.

यातून काय शिकायचे?

साथ होती, तपासणी हवीच होती. त्याबद्दल आमची तक्रार नाही. एकाच्या निष्काळजीपणाने सबंध गाव आजारी पडते, हे आपण डोळ्यांनी पाहिले. पण नियम इंग्रजीत, संगणकावर आणि रातोरात बदलणारा असेल, तर तो सर्वांना सारखा लागू होऊनही सर्वांना सारखा भारी पडत नाही. ज्याच्या घरी वाचून सांगणारा आहे तो पार होतो. ज्याच्या घरी नाही तो एजंटाला पैसे देतो, किंवा दारातून परत येतो. म्हणून वाचून सांगणारा माणूस प्रत्येक वस्तीत हवा.

भारतात २२ नोव्हेंबर २०२२ पासून ‘एअर सुविधा’ फॉर्म बंद झाला आणि जुलै २०२३ मध्ये येणाऱ्यांपैकी दोन टक्के प्रवाशांची निवडक चाचणीही थांबली. पण आरोग्याचा कागद विमानतळावरून अजिबात गेला, असे समजू नये. पीतज्वराचा धोका असलेल्या आफ्रिका व दक्षिण अमेरिकेतील देशांतून येणाऱ्यांकडे आजही लसीचे प्रमाणपत्र मागतात. ती लस घेतल्यावर दहा दिवसांनी प्रमाणपत्र लागू होते. आदल्या दिवशी टोचून उपयोग नाही.

तेव्हा आमचे माताभगिनींना आणि पालकांना सांगणे इतकेच. मुलगा परदेशी निघाला की त्याचे नाव आणि जन्मतारीख शाळेच्या दाखल्यापासून पासपोर्टपर्यंत एकाच स्पेलिंगात आहे का, हे आधी पाहा. घरातल्या प्रत्येकाच्या लसींचे दाखले एका फाईलमध्ये ठेवा. नियम शेजाऱ्याच्या तोंडून न घेता त्या देशाच्या सरकारी सूचनेत आणि विमान कंपनीकडे, निघण्याच्या आठवड्यात आणि पुन्हा आदल्या दिवशी विचारा. मुदत तासांत दिली असेल तर घड्याळ कोठून सुरू होते, हे लिहून घ्या. आणि एवढे करूनही समजले नाही, तर संकोच न करता वाचनालयात या. फॉर्म भरून देण्याची फी नाही.